‘सहा’ची खाच आणि पाव इंचाचं भूत: नळी वाकवायचा बेंडर, आठ महिन्यांनंतर

हे मार्चमध्ये लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही हँडलच्या रबरी ग्रिपसाठी.

तीन खाचांचा साधा हातबेंडर, ६-८-१०, पुण्याच्या बोहरी आळीतून ७४० रुपयांना. एसीवाल्यांच्या पिशवीत असतो तोच. मी घेतला वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी. तांब्याची नळी, बाहेरून ६ मिमी, पत्रा जेमतेम अर्धा मिमी. पहिलाच काटकोन घेतला आणि नळी चेपली. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) लावला तर आडवी ६.४ मिमी, उभी ५.५, आणि आतल्या बाजूला कोपराला पडतात तशा तीन सुरकुत्या.

मग नळी बाजूला ठेवून बेंडरच मोजला. ‘६’ची खाच ६.३५, म्हणजे सरळसरळ पाव इंच! ‘८’ची खाच पाच-सोळांश इंच, ८ची नळी तिच्यात दाबून बसवावी लागते. ‘१०’ची ९.५, तिच्यात १०ची नळी जातच नाही. हत्यार अख्खं इंचातलं, आकडे तेवढे मिलिमीटरचे. फ्रिज-एसीच्या नळ्या इंचातच येतात, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. माझं अडतं. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि नळी चपटी व्हायला बघते. तिला दोन्ही बगलांनी धरून ठेवायचं, एवढंच तर खाचेचं काम. तिथेच ०.३५ची ढिलाई.

दुकानात गेलो. “साहेब, पाव इंच म्हणजे सहाच की!” बदलून मिळणार नाही, पैसेही नाहीत. वर सल्ला, “नळी मऊ घ्या.” मी तणतणत बाहेर पडलो.

राग याचा की सल्ला बरोबर होता. तांबट आळीतल्या एका ओळखीच्या काकांना वाकडी नळी दाखवली, तर त्यांनी पहिलंच विचारलं, “तापवलीत का?” नव्हती. तांबं मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पोलादासारखं ते पाण्यानं कडक होत नाही, मऊच राहतं. मात्र वाकवलं की पुन्हा कडक होतं, म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा वाकवायचं तर आधी परत तापवायचं. एवढ्यानं सुरकुत्या गेल्या. उभी ५.७. पण ०.३५ काही डोक्यातून जाईना.

उपाय दहा रुपयांत निघाला. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी, वाकणाऱ्या भागावर एकच वेढा, कडा एकमेकींवर न चढवता. व्हर्नियर ६.२७. खाचेत नळी अशी बसली की हलवून हलेना. हँडल सावकाश, एका दमात ओढलं. पट्टी सोलली: आडवी ६.०५, उभी ५.९. ओरखडासुद्धा नाही. त्या रात्री बायकोला तीनदा नळी दाखवली.

पातळ पितळी नळीला मात्र हा बेंडर एकटा पुरत नाही. ती तापवून मऊ केली तरी मोडते. आत बारीक वाळू भरतात, पण एखादा कण सिलिंडरमध्ये गेला तर बोअरची, म्हणजे आतल्या गुळगुळीत भोकाची, वाट लागेल. मी मीठ वापरतो. कढईत कोरडं भाजून, ठोकठोकून गच्च भरायचं, दोन्ही टोकांना लाकडी बूच. वाकवल्यावर गरम पाण्यात टाकलं की विरघळून निघून जातं. नंतर दोन-तीनदा धुवायचं, नाहीतर पितळ हिरवं पडतं. कढई परत करताना बोलणी बसली, ती वेगळी.

आता चार तारे. पाचवा दुकानदाराच्या “सहाच की”मुळे कापला. एसीचं काम करणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. मॉडेलवाल्यांनी व्हर्नियर खिशात घालून दुकानात जावं आणि खाच मोजूनच पैसे द्यावेत. माझ्या बेंडरवरचा ६ मी कानशीनं घासून काढलाय आणि तिथे खिळ्यानं ६.३५ कोरलंय.