चुंबक त्याच्याच खिशातलं होतं

"बघा काका, चिकटतंय का?" असं म्हणत त्याने खिशातून चुंबक काढलं आणि टाकीच्या पत्र्याला लावलं. चुंबक घसरून खाली पडलं. मी मान डोलावली. माझे साडेअठरा हजार रुपये खरं तर त्याच क्षणी गेले.

निवृत्तीनंतर मला जुन्या येझदी मोटरसायकलचं इंजिन उघडायचं वेड लागलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे वाइस आणि बेंच ग्राइंडर टाकून बसतो. पार्ट धुवायचे म्हणजे डब्यात डिझेल ओतायचं आणि उकिडवं बसून ब्रश मारायचा. कंबर धरायला लागली तेव्हा पार्ट्स वॉशर घ्यायचं ठरवलं. म्हणजे कमरेइतक्या उंचीवर टाकी, खाली साठवणीचा ड्रम, पंपाने चढून येणारी धार.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत चौकशी केली. तीन-चार ठिकाणी गुजरातीत भाव विचारले, पाचवा माणूस, म्हणजे हा चुंबकवाला, मराठी बोलणारा निघाला. त्याचे आजोबा गायकवाडांच्या सरकारवाड्यात नोकरीला होते, वगैरे. बडोद्यात कुणी मराठी बोललं की आपण भाव करायचं विसरतो, हा माझ्या बायकोचा जुना आरोप आहे. मी बिल मागायचंही विसरलो. म्हणजे विचारलं होतं, पण "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर" म्हणाला आणि मी गप्प बसलो. ती चूक सर्वस्वी माझी. ठरलं ते असं: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, जाडी १६ गेज, तीन फूट बाय दोन फूट, खोली दहा इंच, वर झाकण, आणि लेथला लावतात तसला कूलंट पंप.

आता त्या चुंबकाबद्दल. ३०४ ला चुंबक धरत नाही हे खरंच आहे. पण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही धरत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबकाला तो फरक कळत नाही. चुंबकाने फार तर साधं लोखंड किंवा ४३० ग्रेडचं स्टेनलेस ओळखू येतं. ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतं. समोरचा इतक्या आत्मविश्वासाने दाखवत होता की आठवलंच नाही.

जाडी मात्र मी स्वतः मोजली. व्हर्नियर घेऊनच गेलो होतो. कडेला लावलं, १.८ मिलिमीटर. १६ गेज म्हणजे साधारण १.६, मला वाटलं माणसाने जरा जास्तच दिलं! घरी आल्यावर हाताला धार लागू नये म्हणून कड घासायला गेलो तेव्हा दिसलं की पत्रा आत दुमडलेला आहे. ०.९ अधिक ०.९. घडी मोजून मी खूश झालो होतो. मधोमध व्हर्नियर पोचत नाही, हे त्यालाही माहीत असणार.

वजन केलं असतं तर तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. स्टेनलेसचा एक मिलिमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा आठ किलोच्या जरासा आतच भरतो. माझ्या टाकीचा आणि झाकणाचा मिळून पत्रा सुमारे १.९ चौरस मीटर, म्हणजे १६ गेजमध्ये २४ किलो तरी हवेत. भरले साडेतेरा. टेम्पोतून एकट्याने उचलून आत आणली तेव्हाच हाताला कळायला हवं होतं.

पंप खालच्या ड्रममध्ये दडलेला होता, म्हणून पाहिला नाही. तो निघाला डेझर्ट कूलरचा, प्लॅस्टिकचा, पाण्यात बुडवायचा. डिझेलमध्ये वायरचं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. तिसऱ्या आठवड्यात वायर चिरलेली दिसली आणि घामच फुटला. बंद शेड, डिझेलची वाफ, आणि उघडी २३० व्होल्टची तार. तुमच्या वॉशरमध्ये असा पंप असेल तर वाचता वाचता उठा आणि प्लग काढा.

फोन केला तर म्हणे, "काका, डिझेल घालायचंच नाही, आमचं वॉटर-बेस लिक्विड घाला." वीस लिटरचा कॅन पाठवला, त्याचे वेगळे १,६००. कॅनवर लेबल नाही, नाव नाही. मी कार्ब्युरेटर आणि क्लचकडचं कव्हर टाकलं आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येतो तर टाकीत सोडा वॉटरसारखे बुडबुडे. ते कॉस्टिक सोड्याचं पाणी होतं. लोखंडावरचं ग्रीस ते छान काढतं, पण ॲल्युमिनियम आणि जस्त खातं, आणि खाताना हायड्रोजन सोडतं. कव्हर काळंठिक्कर पडलं, कार्ब्युरेटरच्या जेटचे आटे गेले. येझदीचा तसा कार्ब्युरेटर शोधायला आता कुठे जाऊ?

ग्रेडचा निकाल भंगारवाल्याने लावला. त्याने टाकीवर कसल्याशा द्रवाचा थेंब टाकला, नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली, रंग पाहिला आणि म्हणाला, "टू झीरो टू छे." अर्धं मिनिट लागलं असेल.

वकील असलेल्या भाच्याला विचारलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, असं त्याने सांगितलं आणि कागद मागितले. माझ्याकडे एक चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलंय, "टाकी, १ नग, १८,५००." ग्रेड नाही, गेज नाही, पंपाचं नाव नाही, सहीसुद्धा नाही. मोबाइलवरचे निरोप आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडून तक्रार लिहायला घेतली आहे.

त्याआधी एकदा त्यालाच दुमडलेल्या कडेचे, वजनकाट्याचे आणि थेंबाच्या डागाचे फोटो पाठवले. रात्री उत्तर आलं: "काका, तुमच्यासमोरच चुंबक लावून दाखवलं होतं ना?"