आठ महिने हायएस कॅम्परव्हॅन वापरल्यावर: इंजिन ठीक आहे, पाण्याचं बघा

कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, हातात यायच्या आधी आमच्याकडे फेरीबोटीचं तिकीट होतं. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन जायचं तर जागा कितीतरी आधी धरावी लागते. नवऱ्याने ऑक्टोबरमध्येच बुकिंग करून टाकलं आणि मग नोव्हेंबरभर आम्ही त्या बुकिंगमध्ये बसेल अशी गाडी शोधत हिंडलो. हॉल ठरवून मग मुलगी बघायला निघावं, तसा प्रकार.

शेवटी मिळाली ती 2007 ची टोयोटा हायएस. जपानमधून आलेली, लांब बॉडीची, तीन लिटरचं डिझेल इंजिन, आणि मागचं घर आधीच्या मालकाने हौसेने स्वतः केलेलं. आम्ही तिघं, मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी, वेलिंग्टनजवळ लोअर हटला राहतो. आठ महिन्यांत गाडी 9,400 किलोमीटर चालली आणि आम्ही तिच्यात 41 रात्री झोपलो. आता थोडं बोलायचा हक्क मिळाला असं धरते.

ओळखीचे सगळे तीनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती? लिटरला साडेनऊ. बेड पुरतो का? पुरतो, मुलगी झोपेत आडवी फिरली नाही तर. इंजिन कसं आहे? एकदाही दगा दिलेला नाही. पुढच्या सीटच्या खालीच इंजिन असल्यामुळे उन्हाळ्यात बूड तापतं, इतकंच. झाले तीन प्रश्न. पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि आमचं आजवर जे काही बिघडलं ते सगळं पाण्यापायी.

सुरुवात फेरीपासूनच झाली. माझं बालपण गुहागरचं, त्यामुळे फेरी म्हटलं की डोळ्यांपुढे धोपावे-दाभोळ: खाडी ओलांडायला काही मिनिटं, एस.टी.च्या शेजारी आपली गाडी, आणि काठ येईपर्यंत शेंगांची पुडीही संपत नाही. कुक सामुद्रधुनी, म्हणजे दोन बेटांमधला समुद्र, हे वेगळंच प्रकरण आहे. अंतर 92 किलोमीटर, वेळ साडेतीन तास. इंटरआयलंडर आणि ब्लूब्रिज अशा दोन कंपन्यांच्या बोटी चालतात. बोट सुटायच्या तासभर आधी चेक-इन बंद होतं, विमानासारखं. त्या खिडकीवर आमची पहिली चूक उघडी पडली. भाडं गाडीच्या लांबीवर असतं. हायएस 5.38 मीटर, म्हणून आम्ही साडेपाच लिहिलं होतं, पण मागच्या सायकल रॅकची आठवणच नव्हती. टेप लावली तर सहाच्या वर. फरकाचे पैसे भरले आणि नवरा पुढचा अर्धा तास माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला.

रांगेत पुढे मेंढ्यांनी भरलेला दुमजली ट्रक होता. बोटीत चढायच्या आधी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगतात, तो केला. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, आणि वरच्या मजल्यावर चला. बोट सुटली की गाड्यांच्या डेकला कुलूप, पिक्टन येईपर्यंत खाली जाता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

बंदराच्या तोंडाशी पेनकॅरोचं जुनं दीपगृह दिसतं. 1859 मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं कायमचं दीपगृह, आणि त्याची पहिली राखणदार एक बाई होती, मेरी जेन बेनेट. मुलीला हे सांगितलं तर तिने विचारलं, “मग तिची मुलं शाळेत कशी जायची?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या बाजूला बॅरेट रीफचे खडक, जिथे 10 एप्रिल 1968 च्या वादळात ‘वाहिने’ ही फेरी आदळली आणि पुढे बंदरातच बुडाली. हे मात्र मुलीला सांगितलं नाही.

बंदर सोडलं की पहिला तास-दीड तास खरा समुद्र. आलेपाकाच्या वड्या सोबत होत्या, त्या मुलीला पुरल्या, नवऱ्याला नाही. आणखी एक गंमत: दक्षिण बेटावर जायला बोट दक्षिणेला जातच नाही, जवळजवळ सरळ पश्चिमेला जाते. मग टोरी चॅनेलच्या अरुंद तोंडातून ती आत शिरते आणि कोणीतरी नळ बंद करावा तसा समुद्र गप्प होतो. शेवटचा तास दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, मधे काचेसारखं पाणी. आम्ही डेकवर उभे राहून फोटो काढत होतो. खाली, कुलूपबंद, आमच्या गाडीत आमचा स्वतःचा समुद्र तयार होत होता.

झालं असं, की सिंकला पाणी चढवणारा बारा व्होल्टचा पंप चालूच राहिला होता. हलण्याने सिंकखालचा पाइप क्लिपमधून सुटला. नळाऐवजी पाणी जमिनीवर, आणि दाब कमी झाला की पंप इमानेइतबारे पुन्हा सुरू. टाकी 40 लिटरची. पिक्टनला खाली उतरलो तेव्हा शेजारच्या गाडीतले आजोबा आमच्या दाराखालच्या धारेकडे बोट दाखवत म्हणाले, “रेडिएटर?” नाही हो आजोबा, रेडिएटर ठणठणीत होता.

पिक्टनपासून 15 किलोमीटरवर मोमोरंगी बे म्हणून सरकारी कॅम्पसाइट आहे, अगदी पाण्याला लागून. सुट्टीचा पहिला दिवस तिथे गादी उन्हात टाकण्यात गेला. दोन झाडांमध्ये दोरी बांधून अख्खा संसार वाळत घातला. दोन किलो तांदूळ भिजले, ते फुकट जाऊ नयेत म्हणून पुढचे दोन दिवस तिन्ही त्रिकाळ खिचडी. तेव्हापासून पंपाच्या बटणाशेजारी लाल चिकटपट्टी लावली आहे आणि गाडी हलायच्या आधी ‘गॅस, पंप, खिडकी’ असं मुलगी मोठ्याने म्हणते. दोन डॉलरच्या स्टीलच्या क्लिपा सगळ्या जोडांना बसवल्या. हौशी माणसाने केलेली गाडी घेत असाल तर फर्निचरचं पॉलिश बघू नका, सिंकखाली टॉर्च मारा.

तिथून आम्ही पूर्व किनाऱ्याने कायकोराकडे उतरलो. वाटेत सेडनच्या पुढे ग्रासमिअर सरोवराची मिठागरं लागतात. पांढऱ्या मिठाचे ढीग आणि शेजारी चक्क गुलाबी पाण्याचे वाफे. खारटपणा वाढला की त्यात विशिष्ट शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव वाढतात, त्यांचा तो रंग. उरण-पेणची मिठागरं पाहिलेल्या माणसालाही थांबायला लावेल असं दृश्य आहे. पुढे किनाऱ्याचा रस्ता: नोव्हेंबर 2016 च्या 7.8 च्या भूकंपात हा रस्ता दरडींनी गिळला होता आणि उघडायला डिसेंबर 2017 उजाडला. आता गुळगुळीत आहे, आणि ओहाऊ पॉइंटला खडकांवर सील पसरलेले असतात. हायएस या वळणांवर छान वागते, फक्त आडवा वारा सुटला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं.

आता शौचालय. रस्त्याकडेला किंवा समुद्रकाठी फुकट मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाणी, सांडपाणी, टॉयलेट सगळ्याची सोय आतच असलेली, असावी लागते. नव्या कायद्याप्रमाणे हिरवं प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट हवं, बेड पसरलेला असतानाही वापरता येईल असं. आमच्या गाडीवर हिरवा स्टिकर होता, आम्ही खूश. पण त्यावर माणसांचा आकडा असतो हे घेताना पाहिलंच नाही. आमचा होता दोन. आम्ही तीन. तीन दिवसांचं पाणी म्हणजे माणशी 12 लिटर धरतात, आणि सांडपाण्याची टाकी, टॉयलेटची कॅसेट (खालचा काढता येणारा मैल्याचा डबा) हे सगळं त्या हिशेबात. आमची सांडपाण्याची टाकी छोटी पडत होती. ती बदलून पुन्हा तपासणी करून घेईपर्यंत फेब्रुवारी उजाडला, तोवर पैसे भरून कॅम्पसाइटवर राहिलो. कॅसेट रिकामी कोण करतं, हा प्रश्न सगळ्या बायका हळूच विचारतात. आमच्याकडे नवरा. त्याबदल्यात भांडी माझी, आणि हा करार मला अजूनही फायद्याचा वाटतो. ती रिकामी करायची जागा, डंप स्टेशन, गावागावात आहेत, त्यामुळे अडचण वास-बिसाची नाही, फक्त उद्यावर टाकायच्या सवयीची आहे.

स्वयंपाक. अहो, व्हॅनमध्ये फोडणी करू नका. पहिल्या आठवड्यात केली, हिंग आणि लसणीची, आणि मार्चमध्ये पांघरुणांना अजून वास येत होता. आता सरकत्या दाराबाहेर घडीचं टेबल, त्यावर एकबर्नर शेगडी, फोडणी तिथे. पाऊस असेल तर त्या दिवशी फोडणीशिवायचं जेवण: मेतकूट-भात, तूप, घरून आणलेलं लोणचं. तीन लिटरचा कुकर सोन्यासारखा आहे, गॅस कमी लागतो आणि डाळ-भात एकदम होतो. फक्त पहिली शिट्टी झाली की आजूबाजूच्या चार तंबूंतून डोकी बाहेर येतात. हळदीच्या ताटल्या धुवायच्या आधी कागदाने पुसायच्या, नाहीतर सांडपाण्याच्या टाकीत तेलाचा थर बसतो आणि तिसऱ्या दिवशी ती टॉयलेटपेक्षा वाईट वास मारते. हे मी गृहीत धरून बोलत नाही. दही मात्र सुरेख लागतं: फ्रिजच्या कॉम्प्रेसरची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे डबा ठेवायचा, सकाळी कवडी.

ईस्टरला पुन्हा फेरीने गेलो, या वेळी आर्थर्स पासच्या खिंडीतून पश्चिम किनाऱ्याकडे. पासवर किआ पोपटांनी पार्किंगमध्ये दहा मिनिटांत मागच्या दाराचं रबर कुरतडलं. तेव्हा मुलगी टाळ्या वाजवत होती. पलीकडे उतरल्यावर पाऊस लागला. त्याच बाजूला खूप दक्षिणेला मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या वर पडतो, म्हणजे आंबोलीच्या पंगतीतला. एवढं खाली आम्ही गेलो नाही, पण हास्टपर्यंतच्या पावसानेही तीन दिवसांत कुरतडलेल्या रबरातून आत वाट शोधली. पाऊस थांबला की सँडफ्लाय. आपल्याकडच्या चिलटांसारख्या दिसतात आणि आठवडाभर खाजवत ठेवतात.

पण पाण्याचा सगळ्यात चिवट प्रकार वरून येत नाही, आपल्याच नाकातोंडातून येतो. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, लेक टेकापोच्या बाजूला पहिली थंडीची रात्र काढली. तीन माणसं, बंद खिडक्या, संध्याकाळी आत केलेला चहा. सकाळी छताच्या पत्र्यावरून थेंब मुलीच्या कपाळावर पडत होते आणि तिला वाटलं गाडी गळतेय. एलपीजी जळतानाही वाफ सोडतो, हे मला शाळेत शिकूनही तेव्हाच कळलं. घरी येऊन गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर काळ्या बुरशीचे ठिपके. मग बऱ्याच गोष्टी केल्या: प्लायवूडला भोकं पाडून गादीखाली हवा खेळती केली, छताला पंखा बसवला, आणि थंडी कितीही असो, एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो. डिझेल हीटरवर खर्च केला तो वसूल झाला. त्याचं जळण बाहेरच्या हवेवर होतं आणि धूरही बाहेरच जातो, आत येते ती कोरडी ऊब. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र लावाच, हीटर कितीही भरवशाचा असला तरी. सौर पॅनेल आणि 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी उन्हाळ्यात भरपूर होते, जूनमध्ये रोज थोडी गाडी चालवली नाही तर फ्रिज कुरकुरतो.

पैशांचं सांगते. पंपावरचं डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं म्हणून फसू नका, रस्त्याचा कर वेगळा भरावा लागतो. आम्ही दर 1,000 किलोमीटरला 76 डॉलर भरले. गाडी घेताना काचेवरच्या या कराच्या लेबलचा किलोमीटरचा आकडा आणि मीटर जुळतात का ते पाहा, थकबाकी तुमच्या गळ्यात पडू शकते. विमा, वर्षाची फिटनेस तपासणी, आणि फेरी, जी सुट्ट्यांत जाऊन-येऊन सातशे डॉलरच्या पलीकडे गेली. हे सगळं 41 रात्रींवर वाटलं तर मोटेलपेक्षा स्वस्त पडतं असं मला काही केल्या दाखवता येत नाही, आणि नवऱ्याने एक्सेलमध्ये दाखवलेलं मी मानत नाही. वर्षाला दोन आठवडे फिरणाऱ्याने भाड्याची घ्यावी.

आम्ही विकणार का? नाही. शुक्रवारी पाच वाजता ऑफिस सुटल्यावर सात वाजता समुद्राकाठी भात टाकलेला असतो, त्याची किंमत मी हिशेबात धरलेली नाही. ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडच्या सुट्टीचं फेरीचं बुकिंग झालंय, लांबीच्या रकान्यात रॅकसकट 6.1 मीटर लिहिलंय. किआने खाल्लेलं रबर बदललं, तरी पावसात डाव्या मागच्या कोपऱ्यातून अजून पाणी येतं. दोन गॅरेजवाल्यांनी बघितलं, सापडलं नाही. सध्या तिथे वाटी ठेवतो.