थरोब्रेड घोडीसाठी अरबी स्टॅलियन: निवडीपासून शिंगरीच्या सातव्या महिन्यापर्यंतचा अनुभव

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर चार हंगाम धावून निवृत्त झालेली एक चेस्टनट, म्हणजे तांबूस रंगाची, थरोब्रेड घोडी मी पाच वर्षांपूर्वी घेतली. थरोब्रेड ही शर्यतीसाठी तयार केलेली जात. ती १६.१ हँड (एक हँड म्हणजे चार इंच, टिंबापुढचा आकडा वरचे इंच) उंच आहे, चालीला लांब आहे आणि मनाने भित्री आहे. पण तिचा खरा दोष खुरांत आहे. तळवे पातळ आणि सपाट, खुरांच्या भिंती ठिसूळ, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी एखादा नाल निखळतो आणि नालबंदाला नवा खिळा ठोकायला धड जागा सापडत नाही. तिच्यापासून लांब पल्ल्याच्या स्वारीला उपयोगी पडेल असे शिंगरू मिळावे, या हेतूने मी अरबी स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, शोधायला निघालो. त्यातून झालेली शिंगरी, म्हणजे मादी शिंगरू, आता सात महिन्यांची झाली आहे, म्हणून हा अनुभव लिहितो आहे.

मुंबईला अरबी घोडा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात बसऱ्याकडून आलेले घोडे मुंबईच्या बंदरात उतरत आणि शर्यती तेव्हा भायखळ्याच्या मैदानावर होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ सालचे आहे. शिवाय थरोब्रेडमध्ये अरबी रक्त मुळातच आहे. १७०४ साली इंग्लंडात आलेल्या डार्ली अरेबियनपर्यंत आजच्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची पितृवंशाची साखळी जाऊन पोहोचते. मात्र त्यानंतर तीन शतके निवड झाली ती मुख्यतः वेगासाठी, आणि माझ्या घोडीचे खूर पाहिले की त्या निवडीत काय मागे पडले ते समजते. फ्रान्समध्ये पोंपादूरच्या अश्वशाळेत अँग्लो-अरब या संकरित जातीचा पाया घातला गेला, तोही मसूद आणि अस्लान हे पूर्वेकडचे दोन स्टॅलियन आणि तीन इंग्रजी थरोब्रेड घोड्या यांच्यापासून. म्हणजे नर पूर्वेचा आणि मादी थरोब्रेड, ही जोडी जुनीच आहे. २००४ मध्ये बॅडमिंटन आणि २००८ मध्ये बर्ली या इंग्लंडमधल्या घोडेस्वारीच्या मोठ्या स्पर्धा जिंकणारा टॅमरिलो हा घोडा अँग्लो-अरब होता, हे वाचल्यावर माझा उरलासुरला संशयही गेला.

मी तीन स्टॅलियन पाहिले आणि तिन्ही वेळा माझ्या नालबंदाला बरोबर नेले. हा या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव शहाणपणाचा निर्णय होता. पहिला घोडा राखाडी होता. खोलगट वळणाचा चेहरा, झेंड्यासारखी उंच धरलेली शेपटी, आणि मालकाने तो मावळतीच्या उन्हात मऊ वाळूवर फिरवून दाखवला. मी तिथेच होकार देणार होतो. नालबंदाने त्याला सिमेंटच्या फरशीवर चालवायला सांगितले, तेव्हा पुढचा डावा पाय प्रत्येक पावलाला आत वळताना दिसला. वाळूवर ते मुळीच कळले नव्हते. राखाडी रंगाचे जनुक एका पालकाकडून आले तरी पुरते आणि उतारवयात बहुतेक राखाडी घोड्यांना त्वचेच्या गाठी होतात, याचाही विचार करणे भाग होते. दुसरा घोडा बांध्याने उत्तम होता, पण आम्ही उभे असताना त्याने आपल्याच मोतद्दाराच्या दंडाला चावा घेतला. माझी घोडी आधीच छत्री उघडली तरी बिथरते. त्यात आणखी तिखट स्वभाव मिसळण्याची माझी तयारी नव्हती.

तिसरा चेस्टनट, १४.३ हँडचा, चौदा वर्षांचा आणि चेहऱ्याने अगदी साधा होता. फोटोत कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. नालबंदाने त्याचा पुढचा पाय मांडीवर घेतला, तळवा दोन्ही अंगठ्यांनी दाबला, कानशीच्या मुठीने खुराची भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, याला कधी नालच ठोकलेला नाही." खडकाळ रस्त्यावर वर्षानुवर्षे काम करूनही खुराची कड तुटलेली नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थरोब्रेड घोड्यांपासून झालेली त्याची दोन अपत्ये, एक चार वर्षांचे आणि एक सहा वर्षांचे, तिथेच पाहायला मिळाली. दोघांचीही उंची १५.१ ते १५.३ च्या दरम्यान होती आणि दोघांचेही खूर बापावर गेलेले होते. ज्याची वाढलेली अपत्ये पाहता येत नाहीत, त्या स्टॅलियनच्या वंशावळीचा कागद कितीही लांब असला तरी मी आता त्यावर पैसे लावणार नाही.

मालकाशी एकच वाद झाला, तो जनुकीय चाचणीवरून. अरबी घोड्यांत प्रतिकारशक्तीच नसलेली शिंगरे जन्मणे आणि मेंदूच्या मागच्या भागाचा ऱ्हास होऊन तोल जाणे, असे काही आनुवंशिक रोग आहेत आणि केसांच्या मुळांवरून त्यांची तपासणी होते. "आमच्या घोड्यावर विश्वास नाही का?" असे मला ऐकावे लागले. मी अडून बसलो. अहवालात प्रतिकारशक्तीच्या रोगाबाबत घोडा निर्दोष निघाला, पण तोल जाण्याच्या रोगाचा तो वाहक ठरला, म्हणजे स्वतः निरोगी पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा. हे रोग प्रकट व्हायला आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो, आणि माझी घोडी अरबी नसल्यामुळे शिंगरू आजारी होण्याची भीती नव्हती. ते वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी होती. मी ते स्वीकारले. या शिंगरीला पुढे कधी अरबी नराकडून फळवायचे झाले, तर आधी तिची चाचणी करावी लागेल. हे मालकाने आपणहून सांगायला हवे होते, ही माझी तक्रार अजून कायम आहे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी आणि नराच्या जननमार्गाचे नमुने यांवर मात्र त्याने काही कुरकुर केली नाही.

फेब्रुवारीत पहिल्यांदा घोडी नराला दाखवली ती खेप वाया गेली. माज पाच ते सात दिवस टिकतो आणि बीज सुटते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. आम्ही उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी नेले. पुढच्या फेरीला, म्हणजे एकवीस दिवसांनी, पशुवैद्यांनी सोनोग्राफीवर बीजकोश पाहून दिवस ठरवला आणि घोडी फळली. पंधराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी केली, कारण थरोब्रेड घोड्यांत जुळे राहण्याचे प्रमाण अधिक असते आणि घोडीला जुळी सहसा झेपत नाहीत. रेसच्या काळात तिच्या योनिमुखाचा वरचा भाग टाके घालून बंद केलेला होता, ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. पशुवैद्यांनी तो भाग नर दाखवण्याआधी मोकळा केला, गर्भ राहिल्यावर पुन्हा शिवला आणि विण्याच्या तीन आठवडे आधी उघडला. रेसची घोडी घेणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावे.

सातव्या महिन्यापासून घोडी कर्जतजवळ एका मित्राच्या शेतावर होती. ३४६ व्या दिवशी पहाटे ती व्याली. शिंगरी पन्नास मिनिटांत उभी राहिली, पावणेदोन तासांत चीक प्यायली, आणि जार तीन तासांच्या आत पडली. बाप लहान चणीचा असला तरी शिंगरी अंगाने भरलेली होती, कारण जन्मावेळचा आकार बराचसा आईच्या गर्भाशयावर अवलंबून असतो.

आता सातव्या महिन्यात जे दिसते ते असे. पाठ आखूड आणि घट्ट आहे, खूर गोल, खोलगट आणि टणक आहेत, आणि पहिल्यांदा कानस लावताना नालबंदाने मान डोलावली. स्वभाव बापाचा आला आहे. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना आई कोपऱ्यात थरथरते आणि ही चंदी खात राहते. मात्र खांदा आईइतका तिरपा नाही, दुडकी चाल उंच पण आखूड आहे आणि मागचे पाय मला हवे त्याहून सरळ आहेत. पाहिलेल्या दोन्ही अपत्यांत हे मागचे पाय होते. खुरांवर खूष होऊन मी ते पाहण्याचे टाळले. चेहरा आईचाच आहे. रंगाचा प्रश्न नव्हताच, कारण चेस्टनटला चेस्टनट लावले की शिंगरू चेस्टनटच होते.

ज्यांना शर्यतीत उतरवण्यासाठी शिंगरू हवे आहे त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, कारण अशा शिंगराची थरोब्रेड म्हणून नोंद होत नाही आणि ते रेसकोर्सवर धावू शकत नाही. विकायचे झाल्यास मुंबईतले गिऱ्हाईक पहिला प्रश्न उंचीचा विचारते आणि १५.२ ऐकले की फोन ठेवते. मला तिला विकायचे नाही. चार वर्षांची होईपर्यंत तिच्यावर खोगीर चढवणार नाही. घोडीला या वर्षी मोकळी ठेवली आहे. पुढच्या खेपेला खूर असेच पण मागचे पाय अधिक कोनातले असलेला नर मिळाला तर पाहणार आहे, आणि तो पाहायला बरोबर येण्यासाठी नालबंदाची तारीख आताच विचारून ठेवली आहे.