कोल्हापुरातल्या दाराला कुठलं स्मार्ट लॉक चालतं?

दुकानात स्मार्ट लॉक दाखवतात ते काउंटरवरच्या छोट्या नमुना-दारावर बसवलेलं. बोट टेकलं की बारीक आवाज होतो, बोल्ट (कुलपाची सरकती जीभ) आत जातो, गिऱ्हाईक खूश. त्या नमुन्याला पाऊस लागत नाही आणि त्याची बिजागरीही सैल होत नाही. आपल्याकडचं लाकडी दार जून-जुलैत फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं. लॉक निवडताना हा हिशेब आधी धरायचा. बोटाचा ठसा, कोड, कार्ड आणि ॲप या गोष्टी आता बहुतेक मॉडेलमध्ये असतात. बोल्ट कोण सरकवतं, यावर खरा फरक पडतो.

हँडलवाल्या लॉकमध्ये मोटर फक्त आतला क्लच, म्हणजे हँडल आणि बोल्टमधला दुवा, जोडते, बोल्ट तुमच्या हाताच्या जोरावर सरकतो. पूर्ण ऑटोमॅटिक, म्हणजे बहुधा पुश-पुल (ढकला-ओढा) प्रकारात, बोल्ट मोटरच ओढते. गोदरेज किंवा येलसारख्या कंपन्या दोन्ही जाती विकतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊन उपयोग नाही. दार फुगलं की बोल्ट ज्या भोकात बसतो, त्या चौकटीतल्या धातूच्या पट्टीला घासतो. हँडलवाल्यात तुम्ही जरा रेटता आणि काम होतं. ऑटोमॅटिकमध्ये मोटर अडते, पुन्हा प्रयत्न करते, बीप वाजवते आणि बॅटरी खाते. सागवानी किंवा फ्लश डोअरला आमचं मत सरळ हँडलवाल्याला आहे. ऑटोमॅटिक दिसायला नाद खुळा असतं, पण ते स्टीलच्या दाराला किंवा फ्लॅटच्या बंद लॉबीतल्या कोरड्या दाराला शोभतं.

पावसाळ्यात दार लावताना खांदा द्यावा लागतो का, एवढं बघा. लागत असेल तर लॉकच्या आधी सुताराला बोलवा. पण भर जुलैत त्याला कडेवर सढळ रंधा मारू देऊ नका, जानेवारीत तिथे फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघायचे, मग चौकटीतल्या पट्टीचं भोक कानशीने १-२ मिमी वाढवायचं. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

आता मापं. दाराची जाडी बहुतेक मॉडेलना साधारण ३५ मिमीपासून पुढे लागते, नेमका आकडा खोक्यावर असतो. दाराच्या कडेपासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकसेट, बहुधा ६० मिमी असतं, काही मॉडेलमध्ये ४५. ६० मिमीवाल्याची लोखंडी पेटी दारात साधारण ८५ मिमी खोल जाते. पॅनेलच्या दाराची उभी पट्टी १०० मिमी असली तर मागे १५ मिमी लाकूड उरतं. त्यात आडव्या पट्टीचं कुसू (उभ्या पट्टीत घुसलेलं टोक) नेमकं तिथेच आलं, तर खाच मारताना सांधाच कापला जातो. अशा दाराला ४५चं लॉक घ्या, किंवा जागा थोडी वर-खाली सरकवा. पट्टीवर नक्षी किंवा गोलाई असेल तर लॉकची प्लेट सपाट बसत नाही आणि फटीतून पाणी आत जातं.

जाळीचा सेफ्टी डोअर हा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दोन्ही दारं एकाच चौकटीत असतील तर मधली मोकळी जागा मोजा. बाहेरचं हँडल साधारण ६०-७० मिमी पुढे येतं, जागा त्याहून कमी असली तर जाळीचं दार मिटणारच नाही. लॉक बसवून झाल्यावर हे कळलं, तर दाराला पडलेली भोकं परत बुजत नाहीत.

पेठांमधल्या जुन्या घरांच्या दोन झडपांच्या दारांना मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत खाच मारून बसवायचं, शक्यतो नको. बसवायचंच असेल तर न उघडणाऱ्या झडपेला वर-खाली भक्कम खिट्ट्या हव्यात, नाहीतर बाहेरून रेटा दिला की दोन्ही झडपा एकत्र हलतात. तिथे खाच न मारता दाराच्या आतल्या बाजूवर बसणारं रिम लॉक बरं. कडी-कोयंड्याला लावायचं फिंगरप्रिंटचं कुलूप मीटरच्या पेटीला ठीक, मुख्य दाराला नाही.

बोटांचं म्हणाल तर सेमीकंडक्टर सेन्सर घ्या, ऑप्टिकल (उजेड टाकून ठशाचा फोटो घेणारा) नको. तरीही हुपरीच्या चांदीकामात, उद्यमनगरच्या फौंड्रीत किंवा शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. वयस्कर माणसांची कातडीही कोरडी असते. प्रत्येकाची दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदवा, नोंदवताना बोट थोडं तिरकं, थोडं वर-खाली ठेवा. आजी-आजोबांना मात्र थेट कार्ड द्या. रोज पाच वेळा बोट पुसायला लावण्यात अर्थ नाही.

बॅटरी हा तक्रारींचा मोठा भाग. हँडलवाल्यात बहुधा चार एए अल्कलाइन सेल लागतात, मिळून ६ व्होल्ट. चार्जिंगचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. बरीच लॉक तेवढ्यावरच बॅटरी संपत आल्याचा इशारा देऊ लागतात. स्वस्तातले झिंक-कार्बन सेल मोटर फिरताना ढेपाळतात आणि गळतातही. वाय-फाय कायम चालू ठेवलं तर सेल भराभर उतरतात, ब्लूटूथ पुरतं. सेल पूर्ण संपले तर बाहेरच्या सी-टाइप पोर्टला पॉवर बँक लावून उघडता येतं, पण केबल साधी यूएसबी-ए ते सी ठेवा. दोन्ही बाजूंना सी असलेल्या केबलवर काही लॉक जागंच होत नाही. काही मॉडेलना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवावी लागते.

वीज गेली म्हणून लॉक बंद पडत नाही, फक्त राउटर बंद पडतो आणि वाय-फायवरून, लांबून ॲपने उघडणं थांबतं. पाणी आत शिरलं तर गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१चा पूर बघितलेल्या भागात तळमजल्याला लॉक लावत असाल, तर साध्या चावीचं भोक असलेलंच घ्या. ती चावी नातेवाइकांकडे किंवा शेजारी ठेवा, घरातल्या कपाटात तिचा उपयोग शून्य.

बसवताना तीन चुका हमखास होतात. दोन प्लेटांमधली चपटी वायर दाबली जाते आणि कीपॅड मुका होतो. स्क्रू जास्त आवळले की हँडल जड होतं, सोडल्यावर परत वर येत नाही. दार बंद करून चाचणी घेतली जाते आणि काही अडलं तर सगळे बाहेर राहतात. दार उघडंच ठेवून बोल्ट बाहेर काढा, मग कोड, बोट, कार्ड आणि चावी या चारही मार्गांनी तो आत घ्या. त्यानंतरच दार लावा. ऑटो-लॉक पहिले काही दिवस बंद ठेवा. दूध घ्यायला बाहेर आलं आणि मागे दार लागलं, मोबाइल आत, असं होतंच. रात्री आतून जुनी कडी लावायची सवय असेल तर तीही सोडा. आत एकट्या वयस्कर माणसाला काही झालं, तर कडीपुढे कोड आणि चावी दोन्ही निकामी.

ऑनलाइन घेण्याआधी मोफत फिटिंग तुमच्या पिनकोडला आहे का ते विचारा. बसवणारा निघायच्या आधी त्याने चाचणीसाठी नोंदवलेलं बोट काढून टाकायला लावा, आणि १२३४५६ सारखा मूळ कोड तो गेल्यावर, स्वतःच्या हाताने बदला.