कुत्र्यांचं भांडण सोडवायला शिकवणारा ट्रेनर घरी बोलावला, त्याचा अनुभव (४ स्टार)

आमच्याकडे दोन कुत्रे, शेरू देशी आणि ब्रूनो लॅब. दिवाळीच्या आधी एका हाडकावरून दोघांची अशी जुंपली की मी काही विचार न करता शेरूच्या गळ्यातल्या पट्ट्यालाच हात घातला आणि तो मलाच चावला. त्याचा काही दोष नाही हो, त्या झटापटीत मधे आलेला हात कोणाचा हे त्याला कळतच नाही. साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं हात धुतला, रक्त आलेलं म्हणून डॉक्टरांनी जखमेत सीरम दिलं आणि ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी रेबीजची इंजेक्शनं. तेव्हाच ठरवलं की हे नीट शिकायचं.

ट्रेनरने २ तासाचे १८०० घेतले. सगळ्यात भारी म्हणजे नुसतं बोलला नाही, कुत्र्याएवढी दोन मोठी सॉफ्ट टॉय घेऊन आला आणि माझ्याकडून नि आईकडून दहा दहा वेळा करून घेतलं. आधी लांबूनच आवाज, पाणी, नाहीतर अंगावर जाड चादर. त्याने नाही सुटले तरच मागचे पाय, तेही दोघांनी दोन कुत्रे एकाच वेळी धरायचे, पंजाला नाही, वर मांडीपाशी, आणि हातगाडीसारखं उचलून मागे मागे जाताना गोल वळवत राहायचं, कारण थांबलात की तो मागे वळून तुम्हालाच धरणार. दात रुतलेले असतील तर हिसका द्यायचा नाही, मांस फाटतं, पकड सैल होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. आणि तोंडाजवळ, गळ्याजवळ हात न्यायचाच नाही, हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की आता डोक्यात बसलंय.

परवा बेल वाजली आणि दोघं दारातच परत भिडले. मी आतल्या खोलीत होतो, आईने ओट्यावरची स्टीलची परात उचलून फरशीवर आपटली, दोघं दचकून सुटले आणि तिने लगेच ब्रूनोला बाल्कनीत घेऊन दार लावलं. आई ६३ वर्षांची आहे, तिला हे जमलं याचा मला फार आनंद झाला.

एक स्टार कापला कारण ४० मिनिटं उशिरा आला, आणि घरात एकटाच माणूस असेल तर काय (एकाला मागच्या पायांपुढून दोरी घालून ग्रिलला बांधायचं आणि दुसऱ्याला मागे ओढायचं) हे शेवटच्या ५ मिनिटात उरकलं, खरं तर बहुतेक वेळा घरी एकटंच कोणीतरी असतं. भांडणानंतर कुत्र्याला कसं तपासायचं तेही नाही सांगितलं. पहिल्या वेळी ब्रूनोला वरून काहीच दिसत नव्हतं, तिसऱ्या दिवशी मान सुजली, व्हेटकडे केस कापल्यावर दाताची दोन बारीक भोकं निघाली आणि आत पू. त्यामुळे केसातून बोटं फिरवून सगळं अंग बघा आणि त्याच दिवशी व्हेटकडे न्या.

दोन कुत्रे असतील तर नक्की बोलवा, फक्त एकट्याने सोडवायचा भाग आधी शिकवा असं सुरुवातीलाच सांगा.