माटुंग्याचं रामा नायक: जेवण झकास आहेच, पण मला तिथली रांग जास्त आवडते

माटुंगा स्टेशनला लागूनच मार्केटची बिल्डिंग आहे, तिच्या पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 पासूनचं. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको पण बाहेरगावचे लोक सारखे विचारतात म्हणून लिहितेय. केळीच्या पानावरचं जेवण घ्या. भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक, सगळं साधं आणि गरम. रसम आधी वाटीने नुसतं प्या, भातावर नंतर, मिरीचा असा झणका लागतो की बंद नाक मोकळं होतं. वाढपी हातातलं भांडं घेऊन फिरत असतात आणि तुम्ही पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढतात. जेवणाला माझ्याकडून पाच स्टार, त्यात वादच नाही.

पण मला लिहायचंय ते रांगेबद्दल. इथे आधी कूपन घ्यायचं, नंबर यायची वाट बघत बसायचं, आणि नंबर आला की जिथे जागा मिळेल तिथे, अनोळखी माणसांच्या टेबलावरसुद्धा, निमूट बसायचं. एवढंच. रविवारी दुपारी गर्दी बेक्कार असते. मागे एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ आले, बरोबर बायको-मुलं, गाडीची किल्ली बोटात फिरवत थेट काउंटरवर, "मालकांना सांगा कोण आलंय." काउंटरवरच्या माणसाने मान वर केली, कूपन पुढे सरकवलं आणि म्हणाला, "नंबर येईल साहेब, बसा." आवाज अगदी तोच, जो आमच्याशी बोलताना होता. ना चढला ना नरमला. साहेबांनी कुणाला तरी फोन लावला, थोडा वेळ उभेच राहिले, शेवटी पाठीवर डिलिव्हरीची बॅग असलेल्या पोराशेजारी बसले. त्या पोराचा नंबर आधी होता, तो आधी आत गेला. साहेबांचा राग काही गेला नाही, चेहऱ्यावर दिसत होता, पण तो काढायला कुठे फटच नव्हती.

आपण म्हणतो अमक्याला पैशाचा माज चढला, जसा काही तो त्याचा स्वभावच आहे. अमेरिकेत बर्कलीला पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मोनोपॉलीचा, म्हणजे आपल्या 'व्यापार'सारखा, खेळ मुद्दाम लबाडीने मांडला होता. नाणं उडवून दोघांतल्या एकाला श्रीमंत ठरवायचं, त्याला दुप्पट पैसे, दोन फासे (समोरच्याला एकच), फेरी पूर्ण झाली की दुप्पट पगार. लबाडी दोघांनाही उघड दिसत होती. तरी थोड्याच वेळात श्रीमंत खेळाडू सोंगटी जोरजोरात आपटायला लागले, समोरच्याला टोमणे मारायला लागले, टेबलावरचा खाऊसुद्धा जास्त खायला लागले, आणि नंतर जिंकलात कसे विचारलं तर आपल्या चाली सांगत बसले, नाण्याची आठवणच नाही! मला हे वाचल्यापासून वाटतं की माज बराचसा समोरचा चढवतो. हॉटेलचा मॅनेजर, बँकेतला माणूस, देवळातला सेवेकरी, जो कोणी ओळख बघून दुसरा फासा हातात देतो तो.

एका मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही नाव लिहून बसलो होतो, सासूबाईंची साखर कमी झालेली, आणि मॅनेजर एका ग्रुपला हसत हसत आत घेऊन गेला. का म्हणून विचारलं तर "ते आमचे रेग्युलर गेस्ट आहेत मॅडम". त्यानंतरची दहा मिनिटं तासाभरासारखी गेली. डेव्हिड मायस्टर यांनी 1985 मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलंय, अन्यायाने वाट बघावी लागली तर ती जास्त लांब वाटते. माटुंग्याला याहून जास्त वेळ बसलेय मी, पण अपमान झाल्यासारखं कधी वाटलं नाही.

आणि आपल्याकडे तर कोण कुणाच्या शेजारी जेवतो यावरच सगळी पायरी ठरायची. पंक्तिभेद आपल्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी बघितलाय. कोल्हापूरला गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा ते दलित म्हणून लोक तिकडे फिरकत नव्हते, मग शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावला. महाराजांनी नुसतं भाषण केलं असतं तर कोणी कप तोंडाला लावला नसता असं माझं ठाम मत आहे. माणूस बदलायची वाट बघत बसण्यापेक्षा बसायची व्यवस्था बदलावी, ती लवकर कामाला येते.

आता कोणी म्हणेल सगळ्यांना एकच नियम म्हणजे माणुसकी नाही का काही? तर तसं नाहीये. त्याच रविवारी काठी टेकत एक आजी जिना चढून आल्या, धाप लागलेली, तर बसलेल्यांपैकीच एका बाईंनी आपलं कूपन त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचं आपण घेतलं. कोणी कुरकुर केली नाही, माझ्या शेजारचे काका तर उठून जागा करून द्यायला लागले. गरज दिसली की लोक आपणहून मागे सरतात. पद सांगितलं की मात्र पाय रोवून उभे राहतात, आणि बरोबरच करतात.

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, किंवा दुपारी जरा लवकर पोचा. लिफ्टच्या भरवशावर राहू नका, गुडघे दुखत असतील तर जिन्याचा विचार करून निघा. कूपन घेतल्यावर लांब कुठे जाऊ नका, नंबर पुकारला की लगेच आत जायचं असतं. पानात हवं तेवढंच घ्या, टाकू नका. आणि वाढप्याला शुक शुक करू नका, तो तुमच्यापर्यंत येतोच.