वजन न विचारता पाठवलेले औषध

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात अमळनेरला रात्रीचा पारा चांगलाच उतरला होता आणि त्यातच दोन रात्री आमच्या भागातील वीज पहाटेपर्यंत गेली. माझ्या मुलीच्या ‘पाचू’ या शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) पिंजऱ्यावरचा उष्णतेचा दिवा त्या दोन्ही रात्री बंद राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारून दाखवले, तेव्हा पाचू फांदीवर मान वर ताणून, तोंड अर्धवट उघडे ठेवून बसला होता. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात चिकट लाळेचा एक तंतू लोंबत होता आणि श्वास घेताना बारीक टिकटिक ऐकू येत होती. श्वसनमार्गाच्या जंतुसंसर्गाची ही ठळक लक्षणे आहेत, हे आम्हाला नंतर कळले.

पाचू हा ‘व्हेल्ड’ जातीचा, म्हणजे मूळ येमेन आणि सौदी अरेबियातील, पिंजऱ्यातच जन्मलेला प्राणी आहे. परदेशी जातींसाठी लागणारी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरील नोंदणी आम्ही केलेली आहे. आपल्या सातपुड्यात आढळणारा घोयरा हा त्याचा भाऊबंद असला तरी तो कायद्याने संरक्षित असून घरी ठेवता येत नाही. ओळखीतल्या अनेकांचा या दोहोंत गोंधळ होतो, म्हणून हे आधीच नमूद करतो.

त्याच दुपारी आम्ही त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांचा दिवस गायी, म्हशी, शेळ्या आणि क्वचित एखादा कुत्रा यांच्यात जातो. त्यांनी पाचूला नीट पाहिले आणि म्हणाले, “सर, मी या प्राण्यावर कधी उपचार केलेले नाहीत. अंदाजाने इंजेक्शन देणार नाही. माझा एक वर्गमित्र मुंबईत सरपटणारे प्राणी पाहतो, त्याला विचारून मी उद्या सांगतो.” हे उत्तर किती मोलाचे होते ते त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. ‘यांना काही माहीत नाही’ एवढाच अर्थ मी घेतला आणि घरी येऊन मोबाइलवर शोध सुरू केला. येथेच माझी चूक झाली.

रात्री एका समूहात एका व्यक्तीचा क्रमांक मिळाला. शॅमेलिऑन, इग्वाना, बॉल पायथन विकणारा आणि स्वतःला ‘रेप्टाइल एक्सपर्ट’ म्हणवणारा तो गृहस्थ दुसऱ्याच मिनिटाला फोनवर आला. मी लक्षणे अर्धी सांगतो न सांगतो तोच त्याने रोगाचे नाव सांगितले, औषधाचे नाव सांगितले आणि खर्चही सांगितला. “काका, गावाकडच्या डॉक्टरच्या नादी लागू नका, ते गुरांचे डॉक्टर. मी तुम्हाला इम्पोर्टेड सेफ्टाझिडिम रेडी-मिक्स पाठवतो. दहा सिरिंजा, रोज एक, मागच्या मांडीत. टेन्शन घेऊ नका.” सेफ्टाझिडिम हे एक प्रतिजैविक, म्हणजे जंतूंवरचे औषध आहे. त्याने सांगितलेली किंमत होती ६,५०० रुपये. त्याने प्राण्याचे वजन विचारले नाही, वय विचारले नाही, पिंजऱ्यातील तापमान विचारले नाही, फोटोसुद्धा मागितला नाही. एकही प्रश्न न विचारता मिळालेली ती सगळी उत्तरे मला ज्ञानाची खूण वाटली. मी लगेच पैसे पाठवले.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आले. थर्माकोलचा डबा नाही, बर्फाची पिशवी नाही. मिठाईच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दहा इन्सुलिन सिरिंजा होत्या. प्रत्येकीत चार रेघांपर्यंत फिकट पिवळा द्रव होता आणि टोपणावर सेलोटेप होता. कोणत्याही सिरिंजवर औषधाचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक वा मुदतीची तारीख नव्हती. पावतीबद्दल विचारले तेव्हा “इम्पोर्टेड मालाला पावती नसते” असे उत्तर मिळाले. आज हे लिहिताना यातील प्रत्येक गोष्ट डोळ्यांत खुपते. त्या संध्याकाळी मात्र मुलगी पिंजऱ्यासमोर बसून रडत होती आणि माझ्या हातात ‘औषध’ होते.

पहिले इंजेक्शन दिले तेव्हा पाचूने जन्मात कधी काढला नसेल असा फुत्कार काढला आणि काही मिनिटांत तो जवळजवळ काळा पडला. मी फोन केला. “रंग गडद झाला ना? म्हणजे औषध लागू पडले,” असे मला सांगण्यात आले. वास्तविक वेदना, थंडी आणि ताण यांमुळे शॅमेलिऑनचा रंग गडद होतो. दुसऱ्या दिवशी प्रकृतीत फरक नाही असे कळवल्यावर त्याने ‘बूस्टर’साठी आणखी ३,२०० रुपये मागितले आणि तेही मी दिले. हा बूस्टर आजतागायत आलेला नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर मांडीवरची कातडी सुपारीएवढ्या भागात काळी आणि कडक झाली, आणि त्या पायाने फांदी धरणे पाचूने सोडले.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक आहे. चौथ्या दिवशी सकाळी, जे मी पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले. एक सिरिंज सोबत नेली आणि त्यातील एक थेंब पीएच कागदावर, म्हणजे द्रव आम्लधर्मी की अल्कधर्मी ते रंगावरून दाखवणाऱ्या कागदावर टाकला. कागद क्षणात गडद निळा झाला. रंगपट्टीवर तो ११ च्या आसपास जुळत होता. सेफ्टाझिडिमचे द्रावण साधारण ५ ते ८ पीएचचे असते. म्हणजे सिरिंजमध्ये दुसरे काहीही असो, सेफ्टाझिडिम नव्हते.

माझ्या मावसभावाचा नवापूरला पोल्ट्रीचा व्यवसाय आहे. कामानिमित्त तो त्याच दिवशी घरी आला होता. त्याने सिरिंज उजेडात धरली, एक थेंब बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाला, “भाऊ, हाई ते आपली कोंबड्यास्नी दवाई शे.” कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळायचे एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे १० टक्क्यांचे द्रावण तो वर्षानुवर्षे वापरतो. त्याने पुढच्या खेपेला आपली बाटली आणली, मी त्यावरही तोच कागद वापरला, आणि रंग, वास, पीएच तिन्ही जुळले. ही काही न्यायवैद्यक चाचणी नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु पुढे डॉक्टरांनीही पाहून हेच मत दिले.

एन्रोफ्लॉक्सासिन हे वाईट औषध नाही आणि पशुवैद्य सरपटणाऱ्या प्राण्यांवर ते वापरतातही. त्याचे इंजेक्शनसाठी बनवलेले रूपसुद्धा स्नायूला दाहक असते, म्हणून ते जपून, बहुधा पातळ करून देतात. येथे तर पाण्यात मिसळून पाजायचे तीव्र अल्कधर्मी द्रावण थेट मांसात टोचले गेले होते. मात्रेचा हिशेब केल्यावर मला घाम फुटला. आमच्या ओळखीच्या सराफाकडील सोने तोलायच्या काट्यावर पाचूचे वजन ११६ ग्रॅम भरले. द्रावण १० टक्क्यांचे धरले तर एका सिरिंजमधील ०.१ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध होते. किलोला ५ ते १० मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा पाहता त्याला फार तर १.१६ मिलिग्रॅम चालले असते. म्हणजे रोज आठपटींहून अधिक औषध, तेही मागच्या पायात. शरीराच्या मागील भागातील रक्त या प्राण्यांत आधी मूत्रपिंडाकडे वळू शकते, म्हणून बहुतेक पशुवैद्य इंजेक्शन पुढच्या भागात देणे पसंत करतात.

मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला एक शब्दही सुनावला नाही. मुंबईच्या वर्गमित्राशी ते पहिल्या दिवशी रात्रीच बोलले होते आणि माझ्या फोनची वाट पाहत होते, हे ऐकून मला फार वाईट वाटले. त्यांनी तोंडातील स्रावाचा नमुना घेतला आणि तो जळगावच्या प्रयोगशाळेत कल्चर व औषध-संवेदनशीलता तपासणीसाठी पाठवला. अहवालात स्यूडोमोनास हा जंतू आला. त्याला एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे निष्प्रभ होती आणि सेफ्टाझिडिम लागू होते. म्हणजे त्या सिरिंजांतील औषध योग्य मात्रेत, योग्य रीतीने दिले असते तरी उपयोग झाला नसता. ज्या औषधाचे नाव घेऊन मला फसवले गेले, नेमके तेच पाचूला हवे होते.

खरे सेफ्टाझिडिम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गावातल्या मेडिकलमध्ये मिळाले. २५० मिलिग्रॅमच्या बाटलीला शंभर रुपयेही पडले नाहीत. हे प्रतिजैविक एच-१ या अनुसूचीत असल्याने दुकानदाराने चिठ्ठी पाहिली आणि वहीत डॉक्टरांचे व माझे नाव लिहून घेतले. बाटलीत पांढरी भुकटी असते. त्यात निर्जंतुक पाणी सोडताच ती फसफसते, कारण कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याच्या दाबाने सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकतो. एकदा कालवलेले हे औषध बाहेरच्या तापमानात साधारण दिवसभर आणि फ्रीजमध्ये काही दिवसच टिकते. त्यामुळे कोणी ‘रेडी-मिक्स’ सेफ्टाझिडिम बर्फाशिवाय बसने पाठवत असेल, तर ते खरे असले तरीही घेऊ नये.

डॉक्टरांनी वजनावरून काढलेली मात्रा पातळ करून, दर तिसऱ्या दिवशी, पुढच्या पायात दिली, रोज नव्हे. त्याबरोबर पाणी कमी पडू नये म्हणून द्रव दिले आणि पिंजऱ्यातील उबेची व्यवस्था इन्व्हर्टरवर घेतली. सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर पुरेसे उबदार नसेल तर त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि प्रतिजैविकाचा परिणामही पुरेसा होत नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले. माझ्या मते या आजारात सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. इंजेक्शन शोधण्यात आम्ही चार दिवस घालवले आणि त्या काळात रात्रीची खोली थंडच होती.

चौथ्या मात्रेनंतर टिकटिक थांबली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाचूने मुलीच्या हातून नाकतोडा खाल्ला. मांडीवरची काळी कातडी पुढे गळून पडली, जखम भरायला दोन महिने लागले, आणि त्या पायाची दोन बोटे आजही मिटत नाहीत. फांदीवरून जाताना तो तो पाय आधी ठेवून पाहतो, मग उचलतो आणि दुसरीकडे आधार शोधतो.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, परंतु सहा दिवस उलटून गेल्यामुळे पैसे पुढे वळते झालेले होते. अशा वेळी पहिल्या काही तासांतच फोन करावा, म्हणजे रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते. उरलेल्या सहा सिरिंजा, खोके, पार्सलची पावती आणि संभाषणाची छायाचित्रे मी औषध निरीक्षकांकडे अर्जासह दिली असून त्याची पोच माझ्याकडे आहे. मी जाब विचारताच त्या विक्रेत्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या मोबाइलवरून पाहिले तेव्हा त्याचा क्रमांक चालू होता, आणि सेलोटेप लावलेल्या पिवळ्या सिरिंजांचा नवा फोटो तेथे लावलेला होता.